सुतारपाखराचं डोक्सं

हॅलो?… हॅलो… कोन, सुभद्रा? बोल, बोल ना… अवं, रडून काहून राहिली? रडू नको. आधी सांग, डॉक्टर काय म्हनले?

… काय? परत सांग.

… रक्त नाई साकळलं. … हाडबी शाबूत. … अन् सूज? … सूजबी नाई?

थांब. थांब जरा, मले खाली बसू दे.

… हो, हाये मी. ऐकून राहिली. … अवं मीबी रडूनच राहिली, दुसरं काय करू? कालपासून घशाखाली भाकर उतरली नाई. इथं अकोल्यात बसून मी करू तरी काय? जठारपेठेत जेवढे देव हायेत तेवढ्यांच्या पाया पडून आली. मारुतीले तर स्पष्ट म्हनलं, बाप्पा, माहा एकुलता भाऊ हाये. त्याचं डोक्सं जसं असंल तसं असू दे, पन ठेव जागेवर.

… हो, हो… अवं ऐक ना. आता कसा हाये उत्तम? … चहा मागून राहिला? … अन् नर्सले म्हने साखर कमी पडली? मंग बराच झाला म्हनायचा. सुभद्रा, लय मोठं ओझं उतरलं बाई. छाती मोकळी झाली माही.

… पन मले एकदा नीट सांग, झालं काय ते. काल भगवंतानं नुसतं ‘आत्या, बाबा पडले’ म्हनलं अन् फोन ठेवून देला. माह्या जिवाचं काय झालं असंल याचा काई इचार? … हो… कापसाच्या पहिल्या वेचनीची पूजा होती… सीतादही… पऱ्हाटीच्या झाडाखाली दहीभात ठेवला… वेचनाऱ्या बाया कमरेले फडकं बांधून उभ्या… अन् यानं नारळ घेतला अन् हानला आपल्याच डोक्शावर. दरसालासारखा. … फुटला नाई. … मंग पुन्हा हानला? … तरी नाई फुटला. … अन् लोक टाळ्या पिटून राहिले होते, होय ना? … मालूम हाये मले. … अन् हा डोये फिरवून पऱ्हाटीच्या ओळीत आडवा.

वा रे बहाद्दर. नारळ शाबूत अन् मानूस आडवा.

… नाई वो, तुले नाई बोलून राहिली. तुहा काय दोष? तू लग्न होऊन आली तवापासून पाहूनच राहिली. आमच्या घरचं डोक्सं म्हने सुतारपाखराचं. आतून कापसानं भरलेलं. म्हनून साऱ्या गावाचा नारळ दगडावर फुटते अन् आमचा घरच्या कर्त्या मानसाच्या डोक्शावर. माह्या बापानं फोडला, माह्या आज्यानं फोडला, अन् आता हा. केस पांढरे झाले तरी…

… काय? कोन निघाला?

… भगवंता? कुठं? … अंजनगावाले? वावरात? बाप तिथं अमरावतीच्या दवाखान्यात खाटेवर अन् हा वावरात काहून चालला? … बाया बसून हायेत. … हो, नारळ फुटल्याबिगर वेचनीले हात लागत नाई, ते खरं. … मंग कोन फोडनार? … तो? … आपल्या डोक्शावर? … तोच नारळ? ज्यानं बापाले पाडलं तोच?

सुभद्रा, त्याच्या हातातून गाडीची चाबी घे.

… मोठा झाला मनजे काय झालं? त्याच्यासाठी पोरी पाहून राहिलो आपन, तरी घे. सांग आत्यानं सांगतलं. … घेतली? आता फोन स्पीकरवर टाक अन् उत्तमच्या उशीजोळ ठेव. दोघंबी ऐका.

हॅलो… उत्तम? … कसा हायेस रे बापा? … बरं, बरं, तू बोलू नको, डॉक्टरनं आराम सांगतला. तू फक्त कान उघडे ठेव. … भगवंता, बस. … स्टूल घे अन् बस. बाया काई पळून नाई चालल्या, कापूसबी बोंडातच हाये. … हो, मालूम हाये मले, सारं गाव पाहून राहिलं. पाहू दे.

तुले तुह्या बापानं गोष्ट सांगतली ना, खुशालरावाची? … ते अर्धी हाये. … अर्धी मनजे अर्धी. बाकीची अर्धी आमच्या पोरींजोळ हाये. माह्या आत्यानं मले सांगतली, तिले तिच्या आत्यानं. तुले बहीन असती तर मी तिले सांगतली असती. नाई, म्हनून तू ऐक. तुह्या बापाले मी लग्नाआधीच सांगून पाह्यलं. तो हसला, म्हने बायांच्या गोष्टी. … होय का नाई रे उत्तम? … काय म्हनला तो, सुभद्रा? … गुपचूप पडला हाये? पडू दे. आज पहिल्यांदाच ऐकून राहिला.

तर ऐक. हे तवाची गोष्ट हाये, जवा अमेरिकेत आपसात लढाई लागली होती. तिकडचा कापूस इंग्रजाच्या गिरन्यांत जायचा बंद झाला, अन् सारी दुनिया आपल्या वऱ्हाडाच्या कापसामागं लागली. ज्याच्या पायात जोडा नव्हता त्याच्या बैलाच्या गळ्यात चांदीची घंटी आली. अंजनगावच्या शिवारात जिथं जवारी डोलत होती तिथं पऱ्हाटी उभी राहिली. आगगाडी यायची होती अजून. कापसाच्या बंड्या अमरावतीले जात, एकामागं एक. त्यातली एक खुशालरावाची. तुह्या खापरपंज्याचा बाप म्हन, का त्याच्याबी वरचा, मले नीट लागत नाई. पन आपलाच.

अमरावतीले आडत्याच्या आवारात कापूस दाबायचं लाकडी यंत्र होतं. मधात मळसूत्राचा जाडजूड खांब, त्याले आडवे दांडे. मानसं दांड्याले छाती लावून गोल फिरत, घान्याच्या बैलावानी, अन् खालता कापूस दबून गठान होई. खुशालरावाची बंडी खाली झाली का तोही दांड्याले लागे. अंगापेरानं दांडगा होता. एक दिवस काय झालं, कोनाचा तरी पाय घसरला, बाकीच्यांनी घाबरून हात सोडले, अन् तो दाबलेला खांब गर्रकन उलटा फिरला. दांडा बसला खुशालरावाच्या कपाळावर. … हो, तुह्या बापाले लागलं तिथंच. सारे म्हनले, गेला. तो उठून बसला. डोक्सं झटकलं, पानी मागतलं, अन् हसला.

आडत्या म्हने, अरे, याच्या डोक्शात कापूस भरला हाये. ते सुतारपाखरू नाई काय, दिवसभर खोडावर डोक्सं आपटते अन् त्याले काई होत नाई, तसं.

झालं. सकाळ-संध्याकाळ कापूसच पाहनारे लोक ते. कापूस अंगावर, कापूस दाढीत, कापूस सपनात. त्यांले पाखराच्या डोक्शातबी कापूसच दिसला. कोनी नाई म्हनलं नाई. मंग पुढच्या हंगामात पहिल्या गठानीचा नारळ खुशालरावाच्या डोक्शावर फोडला. फुटला. काय त्या टाळ्या, काय तो गुलाल. आडत्यानं फेटा बांधला. मंग दुसऱ्या आडत्यानं बलावलं, मंग तिसऱ्यानं. अमरावतीच्या बाजारात खुशालराव चालला का लोक बोट दाखवत, ते पाह्य, सुतारपाखरू चाललं.

इथपरेंतची गोष्ट तुले मालूम हाये. हेच तुह्या बापाची अर्धी गोष्ट.

… थांब भगवंता, गॅसवर दूध हाये माहं. … अवं सुभद्रा, फोन नको ठेवू… … हं. उतू गेलं थोडं. जाऊ दे, आज उतू गेलं तरी चालते.

आता बाकीची ऐक. ते घरातली हाये. खुशालरावाची बायको मनकर्णाबाई. तिले पहिल्यांदा कळलं ते बैलावरून. खुशालरावानं डावीकडचा बैल उजवीकडं जुंपला. जनमभर डावीकडं चालनारा बैल, तो बिचारा मान वळवून वळवून मालकाकडं पाहे. मनकर्णाबाईनं चूपचाप जू सोडलं अन् बैल बदलले. मंग त्याले ऊन सहन होईना. गोठ्यात अंधारात डोक्शाले फडकं गुंडाळून बसे. कोनी इचारलं तर ती म्हने, उन्ह लागली त्यांले. अन् एकडाव भरलेली बंडी घेऊन निघाला अमरावतीले अन् लागला अकोटाच्या वाटेले. इकडचं तिकडं. लहानपनापासूनची वाट ते. मनकर्णाबाई डोक्शावरचा पदर सांभाळत बंडीमागं धावली, कासरा धरून बैल फिरवले. वाटेत लोकांनी इचारलं तर म्हने, मीच म्हनलं होतं तिकून जा, माह्या बहिनीचा निरोप घ्यायचा होता. कोनाले काई कळू देलं नाई तिनं. एकटीच्या जिवात ठेवलं सारं.

एक दिवस तो चुलीपुढं जेवाले बसला. भाकर खाल्ली, वरन खाल्लं, अन् तिच्याकडं पाहून म्हने, तू कोनाच्या घरची वो?

… नाई सुभद्रा, रडू नको. पुढं ऐक. … तो लगेच हसला. म्हने, मस्करी केली. पन तिनं वळखलं, मस्करी नव्हती ते. भाकर थापता थापता तिचा हात तसाच राहिला परातीत. अन् दसरा तोंडावर आलेला. हंगाम लागनार, आडत्याचं बलावनं येनार, अन् पुन्हा नारळ.

घरामागं वाळली बाभूळ होती. तिच्यावर ते पाखरू येई. लाल तुऱ्याचं, पाठ पिवळीजर्द. टकटक, टकटक. मनकर्णाबाई गोवऱ्या थापता थापता त्याच्याकडं पाहे. तिले राग ये त्याचा. माह्या मानसानं चार नारळ फोडले तर त्याले घरची बायको वळखू येत नाई, अन् तू दिसभर आपटून उडून जातं. तुले चक्कर काहून येत नाई रे मेल्या? … हसू नको भगवंता, तिच्या जागी बसून पाह्य.

मंग एक दिवस कुंपनाच्या काट्यात तिले तेच पाखरू मेलेलं दिसलं. का दुसरं असंल तसंच. ससान्यानं धरलं होतं अन् सोडून देलं होतं. तिनं आजूबाजूले पाह्यलं, पदराखाली घेतलं, गोठ्यात नेलं, अन् विळ्यानं त्याचं डोक्सं उघडलं.

कापूस नव्हता.

… नाई. एक धागा नाई. तिले वाटलं होतं, निघंल कापूस. साऱ्या वऱ्हाडालेच वाटत होतं. पन निघाली ते जीभ. चोच उघडून ओढली तर येतच राहिली, येतच राहिली. अन् त्या जिभेचं मूळ कुठून, तर डोक्शाच्या मागून वर चढून, साऱ्या टाळूवरून फिरून, पार नाकापरेंत आलेलं. चामडीखाली पट्टा बांधावा तसं. मनकर्णाबाई म्हने, सापडलं. कापूस नाई, पट्टा हाये. त्यानं डोक्सं आवळून धरलं हाये, म्हनून हालत नाई.

तिनं काय केलं, सुताचा रुंद पट्टा विनला अन् खुशालरावाच्या फेट्याखाली आवळून बांधला. त्याले म्हने, देवीचा हाये, काढू नका. त्यानं आंगनात एक नारळ फोडून पाह्यला. नारळ फुटला. अन् मंग सांजपरेंत तो गोठ्याच्या दाराशी ओकत बसला. त्या दिवशी मनकर्णाबाईनं डोक्शाले हात लावला. पट्टाबी नाई, कापूसबी नाई. मंग हाये तरी काय?

… हो ना, तेच इचारते मीबी. तू काय म्हनतं? … इंटरनेटवर? … हाडात स्पंज असते म्हने? … बरं बरं, त्याचंबी सांगते, आधी हे होऊ दे. तू तर मनकर्णाबाईसारखाच गादी शोधून राहिला.

तिनं पुन्हा पाह्यलं. त्या उघड्या डोक्शात मेंदू होता. केवढासा? शेंगदान्याएवढा. ती म्हने, एवढासाच? बस एवढाच? अन् विळा हातात घेऊन बसून राहिली. तिनं गाई कापलेल्या नव्हत्या का मानसं, पन कोंबडीबकरं पाह्यलं होतं. मानसाचा मेंदू केवढा असंल हे तिनं आपल्या मुठीवरून जोखलं. … हो, दोन मुठी म्हन.

दुसऱ्या दिवशी खुशालराव आंगनात खाटेवर बसला होता. ही शिडी लावून घराच्या धाब्यावर चढली. वरून म्हने, अवो, इकडं पाहा. एका हातात बोर होतं, हिरवं, कच्चं. दुसऱ्या काखेत कोहळं. तिनं दोन्हीबी एकदमच सोडले खाली. बोर टप करून पडलं अन् उड्या मारत गोठ्याकडं पळालं. त्याले काई झालं नाई. अन् कोहळ्याच्या चिरफळ्या. बिया पार भिंतीवर.

ती खाली आली. त्याच्याजोळ बसली. म्हने, पाखराचं बोर हाये, म्हनून त्याले चालते. तुमचं कोहळं हाये.

खुशालराव हसला पहिले. म्हने, बायको मले कोहळं म्हनते. मंग त्यानं आंगनातल्या त्या चिरफळ्यांकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. अन् हसू थांबलं. हळूच म्हने, मले कधी कधी तुहं नाव आठोत नाई.

ती म्हने, मालूम हाये मले.

… हं? … काई नाई. … पानी पिते.

… हो. हॅलो? हाये ना? … तर आता अडचन अशी, का बलावनं आलेलं. भर बाजारात मान मिळालेला मानूस, तो ‘माहं डोक्सं दुखते’ असं कसं म्हनंल? लोक हसतील. तुले जसं वाटून राहिलं ना भगवंता, तसंच त्याले वाटलं. मंग मनकर्णाबाईच बंडीत बसली. आडत्याच्या आवारात उतरली, पदर घेतला, अन् साऱ्या लोकांपुढं म्हने, मी देवीले नवस बोलली हाये, यंदापासून यांचा नारळ दगडावर फुटंल. डोक्शावरचा देवीले चालनार नाई. कसला नवस अन् कसलं काय. बंडीत बसल्या बसल्या तिनं रचला होता तो. पन नवसापुढं आडत्या काय बोलनार? त्यानं तोंड वाकडं केलं अन् दगड आनाले सांगतला. खुशालरावानं नारळ घेतला अन् दगडावर फोडला. अन् मानूस उभाच राहिला. मनकर्णाबाईनं तिथंच डोये पुसले. तिले वाटलं, सारा बाजार गेला उडत, माहा मानूस मले मिळाला.

त्याच्यानंतर त्यानं डोक्शावर नारळ कधी फोडला नाई. नातू पाह्यले त्यानं. ऊन चालू लागलं, वाटा पुन्हा आठोल्या. कधीमधी तिचं नाव इसरे तो, एखाद्या सांजेले. मंग ती आपलं नाव सांगे, अन् तो म्हने, हो ना, तेच म्हनतो. … पूर्न बरा नाई झाला, पन राहिला. तिच्याजोळ राहिला.

… मंग पुन्हा कोनी सुरू केलं? नातवानं. दोघंबी गेल्यावर. त्यानं बाजारातली गोष्ट ऐकली होती, गुलालाची अन् फेट्याची. गोठ्यातली त्याले कोनी सांगतली नाई. आपल्या घरी अर्धी गोष्ट बापाकडून लेकाकडं गेली, अन् अर्धी आत्याकडून भाचीकडं. दोघांनी एका जागी बसून कधी सांगतलीच नाई. आज पहिल्यांदा बसलो आपन, तेबी दवाखान्यात.

… हो, आता तुह्या स्पंजाचं. माही सून दुर्गा कॉलेजात प्रानीशास्त्र शिकवते, तुले मालूम हाये. तिले मी इचारलं. ती म्हने, लय वर्सं शिकलेले लोकबी हेच म्हनत, का हाडात स्पंज हाये, जिभेचा पट्टा हाये, तेच झटका पिऊन घेते. मंग काई शास्त्रज्ञांनी कॅमेरे लावले, एक एक टोला हळूहळू करून पाह्यला. तर काय, चोच थांबते तवाच सारं डोक्संबी थांबते. मधात गादी-बिदी काई नाई. अन् असती तर पाखराचंच नुकसान. उशी बांधलेल्या हातोडीनं खिळा ठोकून पाह्य बरं. ठोकला जाईल काय? … नाई ना. मंग त्याले चीर पाडाले अजूनच जोरानं आपटावं लागलं असतं.

… मंग वाचते कसं? मेंदू लहाना हाये म्हनून, दुर्गा म्हनते. लहान्या जिनसेले आपल्याच वजनाचा मार कमी बसते. शिवाय टोला सरळ, मान पिरगाळत नाई. आपल्याले तोच टोला बसला तर आपन मेलोच. मी म्हनलं, दुर्गे, हे तर बोर अन् कोहळं झालं. ती पाहतच राहिली माह्याकडं.

… काय? … लोक काय म्हनतील म्हनते? भगवंता, लोक टाळ्या पिटतील अन् घरी जातील. डोक्सं तुह्याजोळ राहीन. … इचार कर. मी जबरदस्ती नाई करत. चाबी तुह्या मायजोळ हाये, माग अन् जाय.

… स्टूलावरच बसला हाये? … बसू दे. … सुभद्रा, स्पीकर बंद कर आता, कान भनभन करते. … कोन आलं? … डॉक्टरीनबाई? … घरी सोडायच्या आधी तपासून राहिल्या. बरं, बरं. मी चूप बसते, फोन चालू राहू दे. मलेबी ऐकू दे.

… उत्तमनं आजचा वार बरोबर सांगतला. … कुठं हायेस इचारलं तर अमरावती म्हनला, बरोबर. … काल काय झालं तेबी सांगतलं. शहाना हाये माहा भाऊ. … पोराचं नाव… भगवंत. वा. … मंग? … बायकोचं नाव इचारलं?

… अन्?

… बोलला नाई?

… सुभद्रा? … पुन्हा इचारलं त्यांनी? … तरी नाई? … खाली मान घालून बसला? … अवं माय. … डॉक्टरीनबाई काय म्हनून राहिल्या? … लिहून राहिल्या काई? … पुन्हा मशीनमधी घालायचं म्हनते? … सुभद्रा, घाबरू नको, घाबरू नको तू… मी काहून ते गोष्ट सांगतली आजच…

… थांब. सुभद्रा, थांब. त्याचे कान पाह्य.

… अवं कान, कान. कसे दिसते? … लाल? … दोन्हीबी? … अन् मिशीखाली? … दाबून राहिला काई? … हसू?

अवं बाई, तो लाजून राहिला.

… लाजून! नाव इसरला नाई तो, नाव घेवत नाई त्याच्यानं. आठव बरं, लग्न झाल्यापासून त्यानं तुहं नाव घेतलं हाये काय? ‘अवं’ अन् ‘भगवंताची माय’, याच्याबिगर काई ऐकलं काय तू? लग्नात उखाना घे म्हनलं तर माह्या मागं येऊन लपला होता तो, बाशिंग बांधलेला नवरदेव. … डॉक्टरीनबाई कुठल्या? … पुन्याच्या? मंग त्यांले काय मालूम बिचाऱ्यांले. सांग त्यांले. … हं. … काय म्हनते त्या? … हसल्या, पन नाव त्याच्याच तोंडून पाहिजे? बरोबर हाये त्यांचं, त्यांले कागदावर टिक कराची हाये.

फोन त्याच्या कानाले लाव. … उत्तम? मी, तुही बहीन. घे नाव. … भगवंताले म्हनते बाहेर जाय. … जाईन तो, गेला? … मीबी कानावर हात ठेवते. घे रे बापा. आज घेतलं नाई तर कवा घेशीन? काल आमचा जीव जाता जाता राहिला. तुह्या तोंडून तिचं नाव ऐकाले ती दवाखान्यात भिंतीले डोक्सं टेकून बसली होती कालपासून. घे.

…

… सुभद्रा? घेतलं?

… मले नाई ऐकू आलं. … हळूच घेतलं. … डॉक्टरीनबाईले आलं ना ऐकू? … बरोबरची टिक केली? … घरी जा म्हनल्या? … देवा रे.

… नाई, मी बरी हाये. बरी हाये मी. हसून राहिली.

… अन् भगवंता कुठं हाये? … बाहेर फोनवर बोलून राहिला? कोनाशी? … वावरात? … काय म्हनून राहिला, ऐकून सांग मले. … हं… हं… दगड धुवून ठेवा म्हने? … खरंच? … चाबी दे त्याले, सुभद्रा. दे. सांग सावकाश जाय. अन् बायांले म्हना, आत्याबाईनं रामराम सांगतला.

… हो. … हो, मी उद्या सकाळच्या गाडीनं येते, घरून डबा आनते तुमच्यासाठी. … अवं असू दे, मले येऊ दे. भाऊ पाह्यल्याबिगर मले झोप येनार हाये काय?

… हॅलो? … कोन बोललं आता ते? … मागून, खाटेवरून. … पुन्हा बोलला तो. … मले आलं ऐकू या वेळेले. चांगलं मोठ्यानं आलं.

अवं मंग माह्याशी काय बोलत बसली? तुले हाक मारून राहिला ना तो, नावानं. ओ दे त्याले, सुभद्रा. फोन ठेव. ओ दे.